तांदूळ भिजत घातले नव्हते

ताजबरा सून म्हणून स्पिनकोटात आली त्या दिवशी ढोल वाजला नाही, की कुणी आनंदाचा बार काढला नाही. खुनाच्या तडजोडीत दिलेल्या मुलीसाठी वाजवायचं तरी काय? तिच्या बापाने, शगईच्या उमरदराज खानाने, स्पिनकोटच्या खानाचा भाऊ मारला होता. त्याआधी स्पिनकोटवाल्यांनी उमरदराजचा चुलता उडवला होता. त्याच्याही आधी कुणी कुणाला, हे सांगत बसलं तर दिलबाजखेल घराण्याचा सगळा इतिहासच सांगावा लागेल. दिलबाज नावाच्या मूळ पुरुषाने तलवारीच्या जोरावर हे खोरं घेतलं आणि मरताना दोन बायकांच्या दोन मुलांत वाटून दिलं. नदीच्या अलीकडे स्पिनकोट, पलीकडे शगई. जमीन वाटता आली, खानकीची पगडी काही वाटता आली नाही. ती स्पिनकोटकडे राहिली, आणि तेव्हापासून या घरात चुलतभाऊ म्हणजे वैरी हे पोराला चालता येण्याआधी कळू लागलं.

शेवटी दोन्ही काठांची शेतं पडीक राहायला लागली, पाण्यावर जायलाही माणूस धजेना, तेव्हा म्हातारे जिरग्याला, म्हणजे पंचायतीला, बसले. ठरलं ते असं: उमरदराजने आपली मुलगी खानाच्या मुलाला, जंदादला द्यायची आणि रक्त इथेच थांबवायचं. मुलीने पुन्हा माहेरची वाट धरायची नाही. ताजबरा तेव्हा सोळाची असेल नसेल. आई घोड्यामागून नदीच्या उतारापर्यंत आली. धाकटा भाऊ तोरसम आईच्या कडेवर होता आणि आपा कुणाच्या तरी लग्नाला चालली आहे अशा समजुतीने तो हात हलवत होता.

जंदाद माणूस वाईट नव्हता. पहिले काही महिने तो तिच्याकडे नीट बघतसुद्धा नव्हता. पण एकदा दुपारी अक्रोड फोडताना तिच्या बोटावर दगड बसला आणि ती तोंडातल्या तोंडात अशी काही शिवी पुटपुटली, की तो खो खो हसत सुटला. "शगईत बायका असल्या शिव्या देतात?" त्याने विचारलं. "पुरुषांकडूनच शिकतात," ती म्हणाली. त्या दिवसापासून दुपारचे अक्रोड तो तिच्याकडे येऊन खायचा. पुढे मुलगा झाला, मीरवैस. सासरा गेला, पगडी जंदादच्या डोक्यावर आली. सासू गेली, मुदपाकखान्याच्या किल्ल्या ताजबराच्या कमरेला आल्या.

माहेर मात्र गच्चीवरून दिसायचं तेवढंच. सकाळी शगईच्या चुली पेटल्या की धुराची रेघ वर जायची. कुठलं धुराडं आपल्या घरचं हे तिला अचूक कळायचं. एका हिवाळ्यात त्या घराच्या छपरावर बायकांची गर्दी दिसली आणि तिने ओळखलं, आई गेली. कुणी निरोप आणला नाही. संध्याकाळी जंदाद दारात येऊन उभा राहिला.

"जाता येणार नाही. माहीत आहे ना?"

"माहीत आहे," ती म्हणाली आणि कणीक मळत राहिली. त्या दिवशी कणीक इतकी मळली गेली, की रोट्या चामड्यासारख्या झाल्या आणि कोटात सगळ्यांनी त्या मुकाट्याने खाल्ल्या.

मागोमाग उमरदराजही गेला आणि शगईची गादी तोरसमकडे आली. तो आता ताठ मानेचा, मोठ्या आवाजाचा जवान झाला होता. कुळं त्याच्या शब्दाला मान द्यायची. पेशावरच्या गोऱ्या साहेबाने त्याला दोनदा चहाला बोलावलं, अशी बातमी आली तेव्हा जंदाद दोन दिवस कुणाशी बोलला नाही. पगडी कुणाच्या डोक्यावर राहावी हे त्या चहात ठरत असतं, हे खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि मग जंदादने ईदेसाठी तोरसमला आमंत्रण पाठवलं. माणसं घेऊन ये, एका ताटात जेवू, झालं गेलं पुरे झालं. निरोप ताजबराच्या कानी आला. इतक्या वर्षांनी भावाचं तोंड दिसणार होतं. पडद्याआडून का होईना, दिसणार होतं. तिने पेटीतला हिरवा सदरा काढला, वास घेतला, पुन्हा घडी घालून ठेवला. मग जंदादला विचारलं, "त्याच्यासाठी मधातला शिरा करू? लहानपणी फार आवडायचा."

"कर की," जंदाद म्हणाला. तिच्याकडे बघून मात्र म्हणाला नाही.

ईदेच्या सकाळी ती मुदपाकखान्यात उतरली. मोठे हंडे पालथेच होते. चुलींत राख. आचारी करीमदाद उंबऱ्यावर बसून दात कोरत होता.

"करीमदाद, अरे चाळीस माणसं जेवायला यायची आहेत! तांदूळ कुठे भिजवलेस?"

"भिजवले नाहीत, बीबी."

"का?"

"खानसाहेबांनीच सांगितलं, घाई करू नको म्हणून." त्याने खांदे उडवले. "दुंबेसुद्धा कापले नाहीत. मला काय, सांगतील तेव्हा पेटवीन."

सूर्य चांगला वर आला होता. चाळीस माणसांचा पुलाव काही फुंकर मारून होत नाही. ताजबरा त्या पालथ्या हंड्यांकडे बघत उभी राहिली. मग तिला आठवलं, मीरवैसला आज सणासुदीचं नोकरांसोबत डोंगरात शिकारीला पाठवून दिलं होतं. ती जिन्याने वर गेली आणि झरोक्यातून पाहिलं. दरवाजावरच्या दोन्ही बुरुजांत माणसं बसली होती. सणाचे कपडे कुणाच्याही अंगावर नव्हते.

ओरडून काय उपयोग? नवऱ्याच्या पायांवर पडावं, तर त्याचं सगळं आधीच ठरलेलं दिसत होतं. भावाला कुणाकरवी कळवावं, तर कोटातलं प्रत्येक माणूस जंदादचं मीठ खाणारं. आणि समजा कळवलं, की तुला मारायला बोलावलंय. मग? पाहुणा म्हणून बोलावून मारणारा खान, हा बोभाटा साऱ्या डोंगरांत झाला असता. मीरवैसशी पुढे कुणी ताटाला बसलं नसतं. शिवाय तोरसम उमरदराजचा मुलगा होता. तिकडे बंदुका आहेत असं सांगितलं, की तो मागे फिरण्याऐवजी घोड्याला टाच मारणार.

तिने पांढरी चादर डोक्यावरून घेतली, जिना उतरली आणि मोठ्या दरवाजातून सरळ बाहेर पडली.

खानाची बायको भर दिवसा, पायी, एकटी! पहारेकऱ्यांनी माना वळवल्या. तिला हात लावायची कुणाची छाती होणार? ती उतारापर्यंत चालत गेली तोवर शगईची माणसं पाण्यात उतरली होती. पुढे तोरसम. हुबेहूब बापाचं नाक, आईचे डोळे. तिला वाटलं, एवढं बघितलं, आता इथेच मेले तरी चालेल.

"आपा?" तो लगाम खेचत म्हणाला. "तू? अशी?"

"तिथेच थांब," ती मोठ्याने म्हणाली. दोन्ही काठांवर माणसं गोळा व्हायला लागली होती. त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने ती बोलली. "या घरचं पाणीसुद्धा तुला मिळणार नाही. मला मेंढरासारखी हाकलून दिलीत, आई मेली तरी निरोप दिला नाहीत, आणि आज जेवायला येता? लाज नाही वाटत?"

"आपा, खानाने बोलावलंय मला..."

"खानाने बोलावलं असेल. चूल माझी आहे. उंबऱ्यावर पाऊल टाकलंस, तर तुझ्या पगडीवर राख ओतीन, सगळ्यांदेखत. जा. चालता हो."

तोरसमचा चेहरा पांढराफटक पडला, मग लालबुंद झाला. मागची माणसं कुजबुजली. हातात बंदूक असलेल्या वैऱ्याला उत्तर देता येतं. सख्ख्या बहिणीला काय देणार? तो थुंकला, पाण्यात.

"आजपासून मला बहीण नाही," तो म्हणाला, आणि घोडा वळवला.

ती कोटाकडे परत निघाली. जंदाद दरवाजात उभा होता. त्याने बाकीच्यांना हातानेच दूर केलं.

"तांदूळ बघितलेस ना?" त्याने हलक्या आवाजात विचारलं.

"हो."

"मीच मूर्ख. भिजवायला सांगायला हवे होते." मग तो हसला, पण ते अक्रोडांच्या दुपारचं हसू नव्हतं. "माझा वैरी हातचा घालवलास आणि माझं नाव राखलंस. आता तुला मारू की मान देऊ? मला तर यातलं काहीच जमणार नाही, ताजबरा."

त्याने दोन्हींतलं काहीच केलं नाही. तिच्याकडे येणं मात्र थांबवलं. पुरुषांच्या बैठकीत, हुजऱ्यात, त्याचं अंथरूण गेलं. पुढे बाजौरकडची दुसरी बायको आली. ताजबराचं खाणंपिणं, कपडालत्ता, किल्ल्या, कशात तिळमात्र कमी झालं नाही. सणाला तो तिच्यासमोरून जायचा आणि "ठीक?" एवढं विचारायचा. ती "ठीक" म्हणायची.

सगळ्यात जड गेलं ते कौतुक. खोऱ्यातल्या बायकांना ती ईद म्हणजे मोठी गोष्ट होऊन बसली. नवऱ्याच्या घरापुढे सख्ख्या भावाला धुडकावणारी बाई! लग्नघरी तिच्या नावाने गाणी म्हटली जाऊ लागली. नव्या नवऱ्या तिच्या पाया पडायला आणल्या जात, आणि "हिच्यासारखी हो" म्हणून त्यांना सांगितलं जाई. ताजबरा त्यांच्या डोक्यावर हात ठेवायची. तो हात थंडगार असतो, असं म्हणे एका पोरीने घरी जाऊन सांगितलं.

तोरसमने पुढच्या वसंतात बंड केलं. अपमान गिळून बसणारा तो नव्हताच. चार दिवस नदीकाठी गोळ्या चालल्या, मग त्याचा दारूगोळा संपला आणि तो खिंडीतून पलीकडे अफगाण मुलखात निघून गेला. शगईच्या त्या धुराड्यातून धूर येणं थांबलं. तरी ताजबरा रोज सकाळी गच्चीवर जायची. सवय, दुसरं काय.

वर्षं गेली. गोरे साहेब गेले, नवं राज्य आलं, आणि त्यानंतर कितीतरी वर्षांनी एके दिवशी रेडिओवर सांगितलं, की संस्थानं खालसा. बुरुजावरचं निशाण उतरवायला एक तहसीलदार आला. त्याने चहा घेतला, बिस्किटं खाल्ली आणि पावती दिली. ज्या पगडीसाठी दिलबाजखेलांनी एवढी माणसं गाडली, ती जंदादने स्वतःच्या हाताने गुंडाळली आणि कपाटात ठेवली. मीरवैस पेशावरला बंगला बांधून राहिला. धाकटी बायको आपल्या मुलांमागे तिकडेच गेली. कोटात दोघं उरली, एक हुजऱ्यात, एक जनान्यात.

जंदादचं दुखणं लांबलं, तेव्हा ताजबराच त्याला पेज भरवायची. एका सकाळी त्याने चमचा बाजूला सारला.

"इतक्या वर्षांत एकदाही वाटलं नाही, ओरडून सांगावं?"

तिने चमचा वाटीत ठेवला. मग म्हणाली, "रोज वाटलं."

"मग?"

"मुलगा मोठा होत होता."

त्याने तोंड भिंतीकडे केलं. त्याचे खांदे हलत होते का, हे तिला नीट दिसलं नाही, आणि वाकून बघायचं धाडस झालं नाही. आठवडाभरात तो गेला.

फातिह्याला सगळं खोरं लोटलं. वैरी असला तरी मयताच्या दुवेला यायचं, ही त्यांची रीत. तिसऱ्या दिवशी तोरसम आला. सरकारने माफी दिल्यावर तो नुकताच शगईला परतला होता. पांढरी दाढी, काठी, एक गुडघा वाकत नव्हता. जनान्याच्या झरोक्यातून ताजबराने त्याला पाहिलं. त्याने हात उचलून दुवा म्हटली, मीरवैसच्या खांद्यावर थोपटलं, कपभर हिरवा चहा घेतला. आता निरोप येईल, आता आत बोलावणं पाठवेल, म्हणून ती दाराशी चादर घेऊन उभी राहिली. तो उठला, जोडे घातले आणि गेला.

चाळिसावा दिवस झाला. मीरवैस आईला म्हणाला, "अदे, चल आता पेशावरला. इथे कुणाच्या भरवशावर राहणार?"

"येते. आधी एक काम आहे."

दुसऱ्या दिवशी तिने जीप काढायला लावली. नदीवर आता पूल होता. पूल ओलांडून शगईत शिरायला जेमतेम चहा निवायला लागतो तेवढा वेळ लागला. तिला वाटलं होतं, हे अंतर केवढं तरी असेल.

तोरसम अंगणात तुतीखाली बाजेवर पाय लांब करून बसला होता. त्याची काबूलकडची बायको घाईने उशी घेऊन आली, फारसीत काहीतरी गोड बोलली आणि पाहुणी कोण हे कळल्यावर उशी हातातच धरून उभी राहिली.

"या," तोरसम म्हणाला. "रस्ता सापडला?"

"समोरच तर दिसतो. रोज बघत होते."

"बघायला काय जातं."

"तुझ्याशी बोलायचंय. एकट्याशी."

त्याने सगळ्यांना आत पाठवलं. ती बाजेच्या कडेवर टेकली. इतकी वर्षं मनात हजार वेळा मांडलेली वाक्यं ऐन वेळी कुठे गेली कोण जाणे. उरलं ते एवढंच: "त्या ईदेला कोटात तांदूळ भिजत घातले नव्हते."

"काय?"

"तुमचं चाळीस जणांचं जेवण होतं. तांदूळ भिजले नव्हते. दुंबा कापला नव्हता. दोन्ही बुरुजांत माणसं बसली होती."

तोरसमच्या हातातली जपमाळ थांबली. अंगणात कोंबड्या माती उकरत होत्या.

"खोटं," तो म्हणाला.

"कुणासाठी खोटं बोलू? नवरा तर गेला."

"मग सांगायचं होतंस! तिथेच, उतारावर!"

"सांगितलं असतं तर मागे फिरला असतास? तुला मी ओळखत नव्हते, बाबाला ओळखत होते. बाबा फिरला असता?"

त्याने जपमाळ बाजेवर ठेवली. मग म्हणाला, "जंदादला कळलं होतं?"

"त्याच घडीला."

"आणि?"

"बोलणं सोडलं त्याने."

"म्हणजे दोघांनीही टाकली तुला." तो हसला, आणि हसता हसता त्याचा आवाज चिरकला. "आपा, जलालाबादच्या प्रत्येक हुजऱ्यात मी ही गोष्ट सांगितली आहे. सख्ख्या बहिणीने पाणी नाकारलं! उपाशी असलो, बर्फात अडकलो, पोरगं दगावलं, तरी त्या रागावर उठून उभा राहिलो मी. आता म्हातारपणी तो काढून घेतेस. बरं, घे. उद्या सगळ्या खोऱ्याला सांगतो, की माझ्या बहिणीने..."

"नाही."

"काय नाही?"

"कुणाला सांगायचं नाही. मीरवैसला बापाचं नावच उरलंय. बाकी सगळं सरकारने नेलं."

तोरसम तिच्याकडे बघतच राहिला. "मग मला तरी कशाला सांगितलंस?"

"एकटीला आता झेपत नाही," ताजबरा म्हणाली.

तेवढ्यात तोरसमची नात, वगमा, चहाचं तबक घेऊन आली. आठ-नऊ वर्षांची, धीट, डोळ्यांत काजळाचे फराटे. तिने तबक ठेवलं आणि पाहुणीला नीट निरखलं.

"आजोबा, पाणी न देणारी आत्याआजी ती हीच का?"

तोरसमचं तोंड उघडलं. ताजबराने त्याच्याकडे पाहिलं, फक्त पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "हीच ती."

पोरीने एक कप आजोबांना दिला, दुसरा तबकातच राहू दिला आणि आत पळाली. तोरसम ओठ आवळून बसला होता. मग तो मोठ्या कष्टाने वाकला, तो कप उचलला आणि बहिणीच्या हातात दिला. दोघांनी चहा घेतला. चहा फार गोड होता. आईची कबर कुठे, एवढं तिने विचारलं. त्याने काठीने दाखवलं.

"पुन्हा ये," निघताना तो म्हणाला. "बायका नावं ठेवतील. तू ये."

बर्फ वितळलं की जायचं, असं तिने ठरवलं होतं. पेशावरचं जाणं त्यासाठीच लांबवलं. पण बर्फ वितळायच्या आधीच शगईहून सांगावा आला. सांगावा तिला नव्हता, कोटाच्या दिवाणजीला होता: तोरसम खान गेले, दफन दुपारच्या नमाजानंतर.

ती पोहोचली तेव्हा अंगण बायकांनी भरलं होतं. मधोमध बाज. मयताच्या उशाशी बहिणीने बसायचं असतं. तिथे चुलत्याच्या मुली बसल्या होत्या. त्यांनी तिला येताना पाहिलं आणि एकमेकींना आणखी चिकटून बसल्या. तोरसमच्या बायकोने डोळे वर केले, पुन्हा खाली घातले. ताजबरा दाराजवळ, जिथे चपला काढल्या होत्या, तिथे बसली. तिथून तिला फक्त त्याचे पाय दिसत होते, पांढऱ्या कापडाखाली, एक सरळ आणि एक किंचित वाकडा.

बायका आळीपाळीने आक्रोश करत होत्या. तोरसमचं शौर्य, वनवास, दानत, सगळं आलं, आणि ओघात ती ईदही आली. ऐकताना ताजबराच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते तिने पुसलं नाही.

शेजारी जलालाबादहून आलेली एक पाहुणी होती. म्हातारीला एवढं रडताना बघून तिने हलकेच विचारलं, "मयताच्या कोण तुम्ही?"

ताजबराने चादर पुढे ओढली.

"शेजारीण," ती म्हणाली. "नदीपलीकडे राहते."

"मग टेका ना नीट," ती बाई म्हणाली आणि स्वतःच्या पाठीमागची उशी काढून तिच्याकडे सरकवली.